जुने काडतूस भरण्याचे यंत्र घरी आणताय? आधी शिशाच्या धुळीचा विचार करा

परदेशातल्या मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे आजी-आजोबा निघण्यापूर्वी औषधे लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. रक्तदाबाच्या गोळ्या किती न्यायच्या, विमा कोणता घ्यायचा, असे प्रश्न नेहमीचे. पण अमेरिकेतल्या काही मराठी घरांत नेमबाजीचा किंवा शिकारीचा छंद रुजला आहे आणि त्याच्यासोबत एक वेगळा प्रश्न येतो: "मुलाने गॅरेजमध्ये काडतुसे भरण्याचे जुने यंत्र आणले आहे. नातू तिथेच खेळतो. काही धोका आहे का?"

धोका आहे. तो नीट समजून घेतला तर टाळताही येतो. हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे. यंत्र कसे चालवायचे हे इथे सांगितलेले नाही. त्या यंत्राबरोबर घरात काय येते आणि त्यापासून माणसांना कसे जपायचे, एवढेच सांगितले आहे.

हे यंत्र म्हणजे नेमके काय?

गोळी झाडल्यावर काडतुसाची पितळी पुंगळी मागे उरते. ती पुन्हा वापरता येते. जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बुडाची छोटी टोपी, काढून नवा बसवतात. मग दारू आणि नवी गोळी भरतात. अमेरिकेत हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. २०२० नंतर तिथे काडतुसांचा तुटवडा पडला, भाव वाढले आणि अनेक जण घरीच काडतुसे भरण्याकडे वळले.

या कामाचे प्रेस ओतीव लोखंडाचे किंवा मजबूत मिश्रधातूचे असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यामुळे जुन्या यंत्रांचा बाजार मोठा आहे. कुणाचे वडील वारले, कुणी घर बदलले, कुणाचा छंद सुटला, की सगळा संच एकत्र विकायला निघतो: प्रेस, डाय, तराजू, दारू मोजण्याचे भांडे, पुंगळ्या घासून चकचकीत करणारा टंबलर आणि कधीकधी शिसे वितळवण्याचे विजेचे भांडे. नव्याच्या निम्म्या किमतीत सगळे मिळते.

यंत्र घेताना लोक गंज, झिज आणि सुटे भाग पाहतात. त्यावरची करडी धूळ मात्र बघितली जात नाही. आधीच्या मालकाने वीस-तीस वर्षे काम केले असेल, तर तेवढ्या वर्षांचे शिसे त्या फटींत बसलेले असते. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही, त्याला मुदत नसते.

शिसे कुठे कुठे असते?

बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे एक संयुग असते. गोळी झाडली की त्याचे अवशेष पुंगळीच्या आत काजळीसारखे चिकटतात. गोळी तर बहुधा शिशाचीच असते. म्हणून जुन्या संचात या जागा सर्वांत जास्त दूषित असतात:

- टंबलर आणि त्यातला भुसा. पुंगळ्या घासायला अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा वापरतात. पुंगळीतले शिसे त्या भुशात उतरते. झाकण उघडताना किंवा भुसा चाळताना जी धूळ उडते, ती या छंदातली सर्वांत घातक धूळ समजा.
- निकामी प्रायमर पडण्याचा ट्रे आणि प्रेसच्या दांड्याभोवतीचा भाग.
- शिसे वितळवण्याचे भांडे, साचे आणि डाव. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेल्या शिशावर जी राखाडी मळी जमते, ती वाळल्यावर बारीक भुकटी होऊन पसरते.
- लाकडी बाक, कापडी पिशव्या आणि खोकी. यांत मुरलेली धूळ पूर्णपणे निघत नाही.

शरीरात गेल्यावर काय होते?

शिसे दोन वाटांनी आत जाते: धूळ श्वासातून आणि हाताला लागलेली धूळ तोंडातून. निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यातून गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग किंवा त्याहून कमी रक्तात जातो. लहान मुलांत जवळजवळ निम्मे जाऊ शकते. रांगणारे मूल जमिनीवरचे सगळे हाताला लावते आणि तोच हात तोंडात घालते. त्यामुळे छंद वडिलांचा आणि त्रास मुलाला, असे होऊ शकते.

रक्तात शिरलेले शिसे निम्मे व्हायला साधारण एक महिना लागतो. पण ते सगळेच शरीराबाहेर जात नाही. बराच भाग हाडांत जाऊन बसतो. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असते आणि तिथे ते अनेक वर्षे, दशकेही राहते. गरोदरपणात किंवा उतारवयात हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात येते. आईच्या रक्तातले शिसे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते.

मोठ्या माणसांत दिसू शकणारी लक्षणे अशी:

- थकवा, चिडचिड, डोकेदुखी, झोप नीट न लागणे
- पोटात कळा, बद्धकोष्ठता, भूक मंदावणे
- सांधे आणि स्नायू दुखणे, हातापायांना मुंग्या
- रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडावर परिणाम
- पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या आणि गुणवत्ता कमी होणे

यातले एकही लक्षण फक्त शिशामुळे होते असे नाही. "कामाचा ताण आहे", "वय झाले" असे म्हणून ते बाजूला पडते. मुलांत तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मूल खेळते, जेवते, हसते. परिणाम नंतर अभ्यासात, लक्ष लागण्यात, वागण्यात दिसतो आणि मेंदूचे झालेले नुकसान पूर्ण भरून येईल याची खात्री देता येत नाही. म्हणून मुलांत लक्षणांची वाट पाहायची नसते.

'थोडीशी धूळ' म्हणजे किती?

एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या आहारातून दिवसाला जाणाऱ्या शिशासाठी धरलेली संदर्भ पातळी आहे २.२ मायक्रोग्रॅम. या दोन आकड्यांवरून लक्षात येईल की डोळ्याला जेमतेम दिसणारी चिमूटभर धूळही लहान मुलासाठी थोडी नसते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

विकत घेण्यापूर्वी काय पाहाल?

1. घरात कोण आहे? सहा वर्षांखालचे मूल असेल, कोणी गरोदर असेल किंवा मूल होण्याची तयारी चालू असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हे काम राहत्या घरात नको. वेगळी शेड नसेल, तर काही वर्षे थांबा. छंदाला उशीर झाला तरी चालतो.
2. विक्रेत्याला विचारा: यंत्र किती वर्षे वापरले? शिसे घरी वितळवत होतात का? टंबलर कोरडा होता की पाण्याचा? उत्तरावरून धुळीचा अंदाज येतो.
3. संचातल्या काही वस्तू घेऊच नका: वापरलेला भुसा, लाकडी बाक, कापडी पिशव्या, मळीने माखलेले वितळवण्याचे भांडे. फुकट मिळाल्या तरी नको.
4. उघडलेल्या बाटलीतली दारू नको. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नाही. दारू ओळखण्यात चूक झाली, तर बंदूक हातात फुटू शकते. दारू मोजण्याच्या भांड्यात जुनी दारू आणि प्रायमरच्या नळीत जिवंत प्रायमर राहिलेले असू शकतात. भांडी रिकामी करूनच द्या, असे विक्रेत्याला सांगा. जिवंत प्रायमर घरी आल्यावर सापडले, तर ते काडीने टोचून काढू नका, कचऱ्यात किंवा आगीत टाकू नका. स्थानिक अग्निशमन दलाला विचारा.
5. जुन्या तराजूवर आणि माहितीपुस्तकावर विसंबू नका. तराजू प्रमाणित वजनांनी तपासून घ्या आणि प्रमाणांसाठी निर्मात्याची चालू आवृत्ती वापरा.

घरी आणल्यावर स्वच्छता कशी कराल?

यंत्र बंद पिशवीत आणा. गाडीत मुलाच्या सीटजवळ ठेवू नका. स्वच्छता घराबाहेर, मोकळ्या जागेत करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा बाथटबमध्ये करू नका. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क वापरा.

कोरडे झाडणे, फुंकणे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणे या तीनही गोष्टी टाळा. साबणाच्या पाण्यात भिजवलेले, एकदा वापरून टाकून देण्याचे रुमाल घ्या. पुसा, रुमाल टाका, नवा घ्या. शेवटी कोरडे करून तेल लावा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक शिसे मागून पुन्हा हवेत सोडतो. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम धुळीसाठी चालतो, पण सांडलेली दारू किंवा प्रायमर कोणत्याही व्हॅक्यूमने ओढू नका, आग लागू शकते. वापरलेले रुमाल आणि गढूळ पाणी यांचे काय करायचे, हे तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्राला विचारा.

दुकानात शिसे ओळखण्याच्या घरगुती पट्ट्या मिळतात. पट्टीचा रंग बदलला तर शिसे आहे असे समजा. मात्र रंग बदलला नाही म्हणजे शिसे नाही, असे समजू नका.

रोजच्या सवयी

आपल्याकडच्या घरांचे गॅरेज म्हणजे दुसरे कोठार असते. तांदळाची पोती, दुसरा फ्रीज, आंब्याच्या पेट्या, मुलांच्या सायकली आणि सगळ्यांच्या चपला तिथेच. जिथे काडतुसे भरली जातात, तिथे यातले काहीही नको. खाण्याच्या वस्तू आणि खेळणी आधी हलवा, मग बाक मांडा.

- कामाच्या जागेच्या चपला आणि कपडे वेगळे ठेवा. ते तिथेच काढा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता धुवा.
- तिथे चहा, खाणे, तंबाखू, सिगारेट काही नको. मोबाइलही हाताळू नका. तोच मोबाइल नंतर मुलाच्या हातात जातो.
- काम झाल्यावर हात मनगटापर्यंत आणि नखांतून साबण-पाण्याने धुवा, तोंडही धुवा. शिसे काढणारे खास साबण मिळतात, ते अधिक चांगले. सॅनिटायझरने शिसे जात नाही. आपण हाताने जेवतो, मुलांना हाताने भरवतो, म्हणून याबाबत हयगय नको.
- मुलाला उचलून घेण्यापूर्वी आंघोळ करा.
- बाकाखाली गालिचा नको. पुसता येईल अशी फरशी हवी.

तपासणी कोणाची, कधी?

रक्तातले शिसे मोजण्याची साधी रक्ततपासणी असते. बोट टोचून केलेल्या तपासणीत त्वचेवरच्या धुळीमुळे आकडा खोटा वाढू शकतो. तसा वाढलेला आकडा शिरेतल्या रक्ताच्या तपासणीने पक्का करतात.

छंद सुरू करण्यापूर्वी एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा आणि पुढे वर्षातून निदान एकदा तपासणी करावी, असा माझा सल्ला आहे. घरातल्या लहान मुलांची आणि गरोदर स्त्रीची तपासणी त्यांच्या डॉक्टरांना विचारून करा. अमेरिकेत अनेक मुलांची पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास शिशाची तपासणी होते. नंतर मात्र कोणी आपण होऊन विचारत नाही. म्हणून "आमच्या घरी काडतुसे भरली जातात" हे वाक्य बालरोगतज्ज्ञांना तुम्ही स्वतः सांगा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये येतो.

- ३.५ किंवा त्याहून जास्त: अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी ही संदर्भ पातळी धरली आहे. त्याआधी ती ५ होती. ही 'सुरक्षित मर्यादा' नव्हे. एवढे शिसे बहुसंख्य मुलांत आढळत नाही, म्हणून ते कुठून आले हे शोधायला हवे, असा तिचा अर्थ.
- मुलांत ४५ किंवा त्याहून जास्त: शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा, म्हणजे किलेशनचा, विचार तज्ज्ञ करतात.
- मोठ्यांत: आकडा, लक्षणे आणि संपर्क किती काळ होता हे पाहून उपचार ठरतात. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेच्या १९७८ च्या नियमांत रक्ततपासणीची आणि पातळी वाढल्यास कामावरून दूर ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या गॅरेजमध्ये असा निरीक्षक येत नाही. ते काम तुम्हालाच करायचे आहे.

कोणत्याही पातळीवर पहिला उपचार एकच: शिशाचा संपर्क थांबवणे. तो चालू ठेवून औषध घेण्यात अर्थ नाही. 'डिटॉक्स' म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि स्वतःच्या मनाने घेतलेले किलेशन टाळा. त्याने कॅल्शियम व इतर खनिजे घटून जिवावर बेतू शकते.

आहाराचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात होतो. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आतडे शिसे जास्त शोषते. रिकाम्या पोटीही ते जास्त शोषले जाते. म्हणून मुलांना वेळेवर जेवण, दूध-दही, नाचणी, डाळी-कडधान्ये, पालेभाज्या आणि त्यासोबत लिंबू किंवा आवळा द्या. मांसाहार चालत असेल तर अंडी-मासे द्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपचार पूर्ण करा. पण चांगला आहार हा धुळीवरचा उतारा नाही.

आकडा वाढला, तर फक्त यंत्रालाच दोष देऊ नका

आपल्या घरांत शिसे येण्याच्या इतर वाटाही आहेत: काही पारंपरिक रसौषधे व भस्मे, काही सुरमा-काजळ आणि कुंकू-शेंदूर, सुटी घेतलेली भेसळयुक्त हळद, शिसे असलेली कल्हई किंवा डाख लावलेली पितळी-तांब्याची भांडी, १९७८ पूर्वीच्या अमेरिकन घरांतला जुना रंग. भारतातून बॅगेत काय काय गेले आहे, याची यादी डॉक्टरांना मोकळेपणाने दाखवा. दोन-तीन वाटांनी थोडे थोडे आलेले शिसेही एकूण पातळी वाढवते.

तातडीने मदत कधी घ्याल?

मुलाने गोळी, छर्रा, प्रायमर किंवा दारू गिळल्याचा संशय आला, तर उलटी करायला लावू नका. अमेरिकेत विषबाधा मदत केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. झटके येणे, शुद्ध हरपणे, सतत उलट्या किंवा तीव्र पोटदुखी असेल, तर थेट ९११ ला फोन करा. प्रायमर फुटून डोळ्याला इजा झाली, तर डोळा चोळू नका, दाबू नका, घुसलेली वस्तू काढू नका आणि लगेच रुग्णालयात जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मास्क लावला तर पुरे ना?*
नाही. मास्क तुमच्या श्वासापुरता. हातावरची, कपड्यांवरची आणि जमिनीवरची धूळ त्याने थांबत नाही.

*गोळ्या तांब्याचे आवरण असलेल्या घेतल्या तर?*
गोळी हाताळताना शिसे कमी लागते. पण झाडलेल्या पुंगळ्यांतले प्रायमरचे अवशेष तसेच राहतात.

*हा संच भारतात आणता येईल का?*
शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक खेळाडूंनीही आधी परवाना अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. सामानात टाकून आणण्याची ही वस्तू नाही.

*आम्ही फक्त सहा महिने राहणार. आम्हालाही तपासणी हवी का?*
गॅरेजमध्ये तुमचा वावर असेल, विशेषतः तुम्ही तिथली झाडलोट करत असाल, तर परतण्यापूर्वी एकदा करून घ्या. आणि तिथला केर कोरड्या झाडूने मुळीच काढू नका. मदत म्हणून केलेल्या त्या झाडलोटीने खाली बसलेले शिसे पुन्हा हवेत जाते.

मुलाशी हा विषय काढताना रागावून बोलू नका. "यंत्र टाकून दे" म्हटले की संवाद तिथेच थांबतो. "आधी बाळाची आणि तुझी रक्ततपासणी करू, तांदळाची पोती आत घेऊ आणि तो भुसा टाकून देऊ" या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात होऊ शकतात. पुढचे निर्णय रिपोर्ट हातात आल्यावर तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष तपासणीला आणि तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला तो पर्याय नाही.*